मूळ फोल्डर उडवायच्या आधी: टर्मिनलवर टार, जीझिप आणि झिप

दिवाळी अंक छापायला गेला की संपादकाच्या मशीनवर एक भलंमोठं फोल्डर उरतं. लेखांच्या टेक्स्ट फायली, मांडणीच्या फायली, चित्रकारांनी पाठवलेल्या जेपेग, प्रत्येक फेरीच्या प्रुफांच्या पीडीएफ. पुढच्या वर्षापर्यंत ते कुणी उघडणार नाही, पण टाकूनही देववत नाही. असं फोल्डर एका फायलीत बांधून, दाबून, दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं काम माउसनेही होतं. पण माउसने केलं की ‘झालं’ एवढंच कळतं. आत काय गेलं, काय राहिलं, फाइल पुन्हा उघडेल का, हे प्रश्न विचारायची सोय टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, आहे. माझ्या मते दाबणं हा या कामाचा सोपा भाग. मूळ फोल्डर डिलीट करण्याआधीची तपासणी बहुतेक जण गाळतात, म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

एक सूचना आधीच. खालच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना कमांडची नावं, ऑप्शन, एक्स्टेन्शन आणि आकडे रोमनमध्ये टाका, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान लिपीतली. म्हणजे ‘-सीझेडएफ’ दिसलं की हायफन आणि त्याला चिकटून ती तीन लहान अक्षरं. ‘अंक’सारखी फोल्डरची नावं मात्र खुशाल देवनागरीत ठेवा, लिनक्स आणि मॅक दोघांनाही ती चालतात. उदाहरणं उबुंटूसारख्या लिनक्सची आहेत. मॅक आणि विंडोजवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

बांधणं वेगळं, दाबणं वेगळं

युनिक्सच्या जगात ही दोन कामं दोन वेगळे प्रोग्राम करतात, आणि नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथेच असतो. टार गाठोडं बांधतं: अनेक फायली, त्यांची फोल्डरं, तारखा, परवानग्या, सगळं एका फायलीत एकामागोमाग लिहितं. आकार एका बाइटनेही कमी करत नाही, उलट थोडा वाढवतं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते आलं तेव्हा काम होतं चुंबकीय टेपवर माल चढवायचं, त्यामुळे त्याची रचना आजही टेपसारखीच सरळ, एका रेषेतली आहे. जीझिप याच्या उलट: त्याला फोल्डर कळत नाही, ते एक फाइल घेतं आणि तिची दाबलेली फाइल करतं. म्हणून एक्स्टेन्शनही जोडीने येतं, टार.जीझेड.

झिप ही दोन्ही कामं एकटंच करतं. फिल काट्झने १९८९ मध्ये पीकेझिप आणलं तेव्हापासून डॉस आणि विंडोजच्या लोकांना हीच सवय लागली. गंमत म्हणजे दाबण्याची पद्धत दोघांची एकच, डिफ्लेट. त्यामुळे ‘झिप चांगलं दाबतं की जीझिप’ हा वाद फारसा कामाचा नाही. फरक मांडणीत आहे. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबून शेवटी अनुक्रमणिका लिहितं, तर टार.जीझेडमध्ये सगळ्या फायलींचा एक सलग प्रवाह दाबला जातो.

याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. झिपमधली एकच फाइल हवी असेल तर प्रोग्राम अनुक्रमणिका बघून थेट तिच्यापाशी जातो. टार.जीझेडमध्ये सुरुवातीपासून उलगडत यावं लागतं, दहा जीबीची फाइल असेल तर वाट बघा. डिस्कवर एखादा बाइट खराब झाला तर झिपमध्ये सहसा ती एक फाइल जाते, टार.जीझेडमध्ये त्या जागेपासून पुढचं सगळं धोक्यात येतं. याउलट एकसारख्या हजार छोट्या फायली असतील तर सलग प्रवाहामुळे टार.जीझेड लहान होतं, आणि लिनक्सच्या परवानग्या, मालकी, सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवणारी नोंद) हे सगळं टार बिनबोभाट जपतं. झिप सिमलिंक दिसली की मूळ फाइलच उचलून आत घालतं, ते नको असेल तर -वाय द्यावा लागतो. माझा नियम साधा आहे: स्वतःसाठी ठेवायचं असेल किंवा सर्व्हरवर जायचं असेल तर टार, लेखकाला, मुद्रकाला, नातेवाइकाला पाठवायचं असेल तर झिप.

आधी फोल्डर बघा

```
डीयू -एसएच अंक
```

हे एकूण आकार सांगतं. पण आकारापेक्षा आत काय आहे हे महत्त्वाचं. जेपेग, एमपी३, एमपी४ आधीच दाबलेले असतात. त्यांना जीझिपमधून काढलं तर प्रोसेसर तापतो आणि जागा जेमतेम वाचते. पीडीएफचंही बहुतेक तसंच. वर्डच्या डॉक्स आणि लिबरऑफिसच्या ओडीटी तर स्वतःच झिप फायली आहेत. पटत नसेल तर हे करून बघा:

```
अनझिप -एल लेख.ओडीटी
```

आत कंटेंट.एक्सएमएल, स्टाइल्स.एक्सएमएल अशी यादी दिसेल. तेव्हा निव्वळ फोटोंचं फोल्डर असेल तर दाबू नका, नुसतं टार करा. काम कितीतरी लवकर संपतं.

साधा मराठी मजकूर मात्र दणदणीत दबतो, आणि त्याचं कारण बघण्यासारखं आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार. त्या तीनपैकी पहिला बाइट कायम तोच असतो आणि दुसरा फक्त दोन किमतींपैकी एक. म्हणजे फायलीचा मोठा भाग निव्वळ पुनरावृत्तीचा. डिफ्लेटचा पाया म्हणजे लेम्पेल आणि झिव्ह यांची १९७७ ची युक्ती, ‘हे मागे येऊन गेलंय, तिथून उचल’ असं लिहायची, आणि त्यावर हफमन कोडिंग, म्हणजे वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटी खूण द्यायची. अशा मजकुरावर दोन्ही खूश. त्यामुळे तितक्याच अक्षरांची इंग्रजी फाइल मूळची लहान असली तरी दाबल्याचं प्रमाण मराठीत जास्त मिळतं.

टारने बांधताना

फोल्डर ज्या जागी आहे तिच्या एक पायरी वर उभे राहा आणि:

```
टार -सीझेडएफ अंक.टार.जीझेड अंक
```

सी म्हणजे नवं बनव, झेड म्हणजे जीझिपने दाब, एफ म्हणजे पुढे येणारं नाव फायलीचं. एफ नेहमी शेवटी, कारण त्याला लागून फाइलचं नाव यावं लागतं. क्रम बदलून ‘-सीएफझेड’ लिहिलं तर टार ‘झेड’ याच नावाची फाइल बनवायला निघतं, त्यात अंक.टार.जीझेड नावाची फाइल शोधतं, ती सापडत नाही म्हणून कुरकुरतं, आणि शेवटी न दाबलेलं एक गाठोडं त्या एकाक्षरी नावाने ठेवून देतं. फोल्डरमध्ये कधी अशी अनोळखी फाइल दिसली तर ती कुठून आली ते आता कळेल.

आत काय जातंय ते बघत राहायचं असेल तर व्ही वाढवा, ‘-सीव्हीझेडएफ’. हजारो फायली असतील तर मी तो वापरत नाही. धावत्या नावांच्या गर्दीत एखादी चूक कळवणारी ओळ वर निघून जाते आणि नेमकी तीच बघायची असते.

प्रुफांच्या पीडीएफ वगळायच्या असतील तर:

```
टार -सीझेडएफ अंक-लेख.टार.जीझेड --एक्सक्लूड='*.पीडीएफ' अंक
```

अवतरणचिन्हं गाळू नका, नाहीतर तारांकन टारपर्यंत पोचण्याआधी शेलच (तुमची कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा अर्थ लावून मोकळा होतो. आणि वगळण्याची सूचना फोल्डरच्या नावाच्या आधी द्या.

फोल्डरचा पूर्ण पत्ता स्लॅशपासून दिला तर टार सुरुवातीचा स्लॅश काढून टाकतं आणि तसं कळवतं. ही चूक नाही, सोय आहे. नाहीतर उलगडताना फायली थेट मूळ जागी जाऊन तिथल्या नव्या फायलींवर बसल्या असत्या.

कोणतं दाबयंत्र निवडायचं

जीझिप १९९२ चं. ज्याँ-लू गेली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी ते लिहिलं, कारण त्याआधीच्या कॉम्प्रेस प्रोग्रामच्या पद्धतीवर पेटंट होतं. आज ते कुठल्याही लिनक्सवर हमखास सापडतं आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. १ ते ९ पातळ्या आहेत, न सांगता ६ धरली जाते. ९ ने वेळ बराच वाढतो आणि आकार थोडासाच घटतो. मी तिच्या वाटेला जात नाही.

बीझिप२ एके काळी चांगलं होतं, आता जुनी फाइल उघडण्यापुरतं लक्षात ठेवा.

एक्सझेड जास्त दाबतं, पण वेळ आणि मेमरी दोन्ही खातं. नवव्या पातळीला दाबताना साधारण पावणेसातशे एमबी मेमरी लागते. लहान भाड्याच्या सर्व्हरवर हे जमणार नाही. एकदा दाबून हजारोंनी डाउनलोड करायचं असेल तिथे ते शोभतं. लिनक्स कर्नलचा (गाभ्याचा) सोर्स टार.एक्सझेडमध्ये मिळतो तो यासाठीच. टारला ‘-झेड’च्या जागी ‘--एक्सझेड’ सांगायचं, बाकी तेच. २०२४ च्या मार्चमध्ये याच एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्ध्या सेकंदाने रेंगाळतंय असं जाणवलं आणि त्याने मुळापर्यंत खणलं. एवढी बारीक नजर क्वचित. तुमच्याकडे या दोन आवृत्त्यांपैकी कुठली नाही ना, हे ‘एक्सझेड --व्हर्जन’ने लगेच कळतं.

झेडस्टँडर्ड हे फेसबुकमध्ये यान कोले यांनी घडवलेलं, पहिली पक्की आवृत्ती २०१६ ची. जीझिपइतकं किंवा त्याहून जास्त दाबतं आणि वेगात जीझिपला मागे टाकतं. दोन्ही टोकांना तुमचीच मशीन असतील तर आज मी हेच घेतो:

```
टार --झेडएसटीडी -सीएफ अंक.टार.झेडएसटी अंक
```

त्यासाठी टार १.३१ किंवा नंतरचं हवं आणि झेडएसटीडीचं पॅकेज बसवलेलं हवं. समोरच्याकडे ते असेल की नाही शंका असेल तर मुकाट्याने जीझिप.

एकटी फाइल दाबायची असेल, समजा मोठी लॉग फाइल, तर ‘जीझिप -के लॉग.टीएक्सटी’. के गाळला तर दाबून झाल्यावर जीझिप मूळ फाइल काढून टाकतं, आणि नवखा माणूस तिथे दचकतो. दाबलेली फाइल वाचायला उलगडावी लागत नाही: ‘झेडलेस’ने वाचता येते, ‘झेडग्रेप’ने आत शोधता येतं.

आता तपासणी

फाइल तयार झाली. मूळ फोल्डरला हात लावण्याआधी तीन गोष्टी करा.

```
जीझिप -टी अंक.टार.जीझेड
टार -टीएफ अंक.टार.जीझेड | हेड
टार --कंपेअर --फाइल=अंक.टार.जीझेड
```

पहिली कमांड दाबलेला प्रवाह शेवटपर्यंत वाचून त्यातली तपासबेरीज (बिघाड कळावा म्हणून आत लिहिलेला आकडा) जुळते का बघते. दुसरी आतली पहिली काही नावं दाखवते. तिसरी सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: गाठोड्यातली प्रत्येक फाइल डिस्कवरच्या मूळ फाइलशी ताडून बघते. काही फरक असेल तरच बोलते, गप्प राहिली तर जुळलं. जिथून बांधलं त्याच जागी उभं राहून चालवा. ही सोय ग्नू टारमध्ये (लिनक्सवर असतं ते) आहे, मॅकच्या टारमध्ये नाही. तिथे दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडून ‘डिफ -आर’ने दोन्ही फोल्डरं ताडावी लागतात. एक मर्यादा लक्षात असू द्या: ही तुलना गाठोड्यात जे आहे त्याचीच होते. बांधताना जी फाइल सुटली तिच्याबद्दल ती काही सांगणार नाही, त्यासाठी यादी मोजा: ‘टार -टीएफ अंक.टार.जीझेड | डब्ल्यूसी -एल’ आणि ‘फाइंड अंक | डब्ल्यूसी -एल’ यांचे आकडे सारखे यायला हवेत.

मग फायलीची ओळख, म्हणजे तिच्यातल्या बाइटांवरून निघणारा आकडा, लिहून ठेवा:

```
एसएचए२५६सम अंक.टार.जीझेड > अंक.एसएचए२५६
```

दोन्ही फायली दुसऱ्या डिस्कवर नेल्या की तिथे ‘एसएचए२५६सम -सी अंक.एसएचए२५६’ चालवा. ओके आलं की प्रत जशीच्या तशी पोचली. त्यानंतरच मूळ फोल्डर काढा.

उलगडताना

कुणाकडून आलेली फाइल थेट उलगडू नका. आधी यादी बघा, कारण सगळेच जण फोल्डरमध्ये बांधून पाठवत नाहीत. चारशे सुट्या फायली तुमच्या डाउनलोड फोल्डरभर सांडल्या तर वेचत बसावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे टार त्याच नावाच्या जुन्या फायलीवर न विचारता लिहितं. म्हणून वेगळं फोल्डर करून त्यातच:

```
एमकेडीआयआर उघडलेलं
टार -एक्सएफ अंक.टार.जीझेड --डिरेक्टरी=उघडलेलं
```

‘--डिरेक्टरी’च्या जागी लोक बहुतेकदा मोठ्या लिपीतला सी वापरतात, अर्थ तोच. फोल्डर आधी बनवलेलं असावं लागतं. इथे झेड लिहिलेला नाही, कारण उलगडताना फाइल कशाने दाबली आहे हे टार स्वतःच ओळखतं. जुन्या फायली असलेल्या जागीच उलगडायचं असेल तर ‘--स्किप-ओल्ड-फाइल्स’ जोडा.

एकच फाइल हवी असेल तर यादीत दिसतं तसंच पूर्ण नाव द्या:

```
टार -एक्सएफ अंक.टार.जीझेड अंक/संपादकीय.टीएक्सटी
```

आणि इथे मराठी नावांची खास अडचण येते. ‘दुसऱ्या-फेरीची-प्रुफं’ असं नाव घ्या. यातला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन संकेतांनीही येतो. काही कीबोर्ड तर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तसंच रूप उमटवतात. डोळ्यांना सगळं सारखं, टारच्या लेखी वेगवेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं फोडूनच साठवायची, त्यामुळे जुन्या मॅकवर बांधलेली फाइल लिनक्सवर उघडताना ‘सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. टाइप करण्याच्या फंदात न पडता:

```
टार -एक्सएफ अंक.टार.जीझेड --वाइल्डकार्ड्स 'अंक/दुस*'
```

सर्व्हरचं लोकेल (भाषा आणि लिपीची सेटिंग) युनिकोडचं नसेल तर यादीत देवनागरीऐवजी उलट्या स्लॅशसह तीन-तीन आकड्यांची रांग दिसते. घाबरू नका, फाइलला काही झालेलं नाही, टार फक्त दाखवताना कचरतंय. ‘--क्वोटिंग-स्टाइल=लिटरल’ जोडलं की नावं मूळ रूपात येतात. आणि नाव फार लांब ठेवू नका. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, देवनागरीत ती ८५ संकेतांवर संपते, आणि काना-मात्रा, अनुस्वार सगळे त्यात मोजले जातात.

झिप, पासवर्ड आणि विंडोज

```
झिप -आर अंक.झिप अंक
अनझिप -एल अंक.झिप
अनझिप अंक.झिप -डी उघडलेलं
```

आर विसरलात तर फोल्डरचं नुसतं नाव आत जातं, फायली बाहेर. आणि अंक.झिप आधीच असेल तर झिप तिच्यातच भर घालतं, मधल्या काळात फोल्डरमधून काढलेल्या फायली आत तशाच राहतात. संपादनातून वगळलेला लेख मुद्रकाकडे पोचायला एवढं पुरतं. जुनी झिप काढून नवी बनवा.

झिपमध्ये युनिकोड नावांची अधिकृत सोय २००६ मध्ये आली. त्याआधीच्या किंवा ती न पाळणाऱ्या प्रोग्रामची झिप उघडली की देवनागरी नावांचा चिवडा होतो. आतला मजकूर मात्र शाबूत असतो.

‘झिप -ई’ पासवर्ड मागतं खरं, पण त्यामागची जुनी पद्धत १९९४ मध्येच बिहॅम आणि कोचर यांनी मोडून दाखवली आहे. आधार कार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रं असलं काही असेल तर सेव्हन-झिप वापरा:

```
७झेड ए -पी -एमएचई=ऑन अंक.७झेड अंक
```

हे एईएस-२५६ ही मजबूत कूटपद्धत वापरतं आणि ‘-एमएचई=ऑन’मुळे आतल्या फायलींची नावंही पासवर्डशिवाय दिसत नाहीत. उलगडताना ‘७झेड एक्स’ द्या. ‘७झेड ई’ दिलंत तर सगळी फोल्डरं मोडून फायली एका जागी ओतल्या जातात. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका, शेलच्या इतिहासात तो राहतो.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून टार विंडोजमध्येच येतं. ते आणि मॅकचं टार एकाच घराण्यातलं, त्यामुळे ‘टार -एक्सएफ अंक.झिप’ दोन्हीकडे चालतं. लिनक्सच्या टारला झिप कळत नाही, तिथे अनझिपच लागतं. मॅकवर बांधलेलं गाठोडं लिनक्सवर उघडलं की टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या जोडफायली दिसू शकतात. मॅकची जादा माहिती असते ती, लिनक्सवर बिनधास्त काढून टाका.

मोठी फाइल तुकड्यांत

एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही, आत कितीही जागा रिकामी असली तरी. तेव्हा:

```
स्प्लिट -बी २०००एम अंक.टार.जीझेड अंक.टार.जीझेड.
```

एम इथे मोठ्या लिपीतला, आणि शेवटचं टिंब मुद्दाम आहे. त्यापुढे एए, एबी अशी अक्षरं लागत जातात. मेलने पाठवायचं असेल तर तुकडे मर्यादेपेक्षा बरेच लहान करा, कारण जोडलेली फाइल मेलमध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगते. पलीकडे जोडताना:

```
कॅट अंक.टार.जीझेड.* > अंक.टार.जीझेड
```

इथे एसएचए२५६ची तपासणी पुन्हा चालवा. ‘अनपेक्षितपणे फाइल संपली’ अशा अर्थाचा संदेश आला तर एखादा तुकडा अपुरा आहे. ‘जीझिपच्या स्वरूपात नाही’ आला तर ‘फाइल अंक.टार.जीझेड’ ही कमांड देऊन बघा. डाउनलोड केलेली वस्तू असेल तर पुष्कळदा ती एचटीएमएल निघते: सर्व्हरने गाठोड्याऐवजी लॉगिनचं पान पाठवलेलं असतं, आणि ते तुम्ही टार.जीझेड नावाने जपून ठेवलेलं असतं.